प्रतिक्षाचा कापलेला फोटो

मी लीलाबाई यादोराव मेश्राम, वय चौऱ्याहत्तर, राहणार अड्याळ, जिल्हा भंडारा. डोके शाबूत आहे, गुडघे नाहीत. अंगणवाडीत एकतीस वर्षे रजिस्टरे लिहिली, म्हणून हे मृत्युपत्रही कोणाच्या दबावाविना माझ्याच हाताने लिहीत आहे.

१. राहते घर व धानाची दीड एकर बांधी मुलगा संघपाल याला.

२. सोन्याची पोत व शिलाई मशीन मुलगी प्रतिक्षा हिला, राहणार साकोली.

३. पाणी भरायचा पितळी गुंड शेजारच्या बेबीबाईला. अठरा वर्षांपासून तो तिच्याकडेच आहे. आता मागायला कोणी जाऊ नये.

४. फोटोंचे दोन अल्बम कोणा एकाचे नाहीत. नात खुशबूने सगळे फोटो मोबाईलमध्ये घेऊन मागेल त्या नातेवाइकाला पाठवावेत. पण मोबाईलचा काय भरवसा, मागच्या वर्षी एक बोडीच्या पाण्यात पडला. म्हणून अल्बम जपावेत, फाडून वाटून घेऊ नयेत.

५. आता नऊ वर्षे जे बोलले नाही ते. यादोराव गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला हार घालण्याजोगा त्यांचा एकच फोटो होता. त्यात मांडीवर सहा महिन्यांची प्रतिक्षा. जिवंत लेकीवर हार पडू नये म्हणून मी कैचीने तिला वेगळे केले. आम्ही धम्म घेतलेली माणसे, असले काही मानत नाही. पण त्या दिवशी मी भ्याले. संघपालने तो फोटो फक्त मोठा करून आणला.

प्रतिक्षा चार लोकांत त्याला म्हणाली, "काहून कापलं तू मले? बापाच्या मांडीवरचा माहा एकच तर फोटो होता." त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "चुकलं माहं." तेव्हापासून दोघे बोलत नाहीत.

बाई, तुझ्या भावाने काही केले नाही. मी केले, मला माफ कर. संघपाल, तू माझी लाज राखलीस आणि मी तुला बोलणी खाऊ दिली. याचे मला फार दुःख आहे. कापलेला तुकडा माझ्या पेटीत लुगड्याच्या घडीत आहे. तो तू स्वतः बहिणीच्या हातात दे.

६. अल्बम सहा महिने अड्याळला, सहा महिने साकोलीला राहतील. पोस्टाने किंवा बसवाल्याच्या हातून पाठवू नयेत. ज्याची पाळी, त्याने स्वतः घ्यायला यावे. आणि जेवू घातल्याशिवाय त्याला अल्बम देऊ नये.

साक्षीदार (कलम पाच झाकून सह्या घेतल्या):
धनीराम रामटेके, सही
पार्वताबाई गजभिये, अंगठा

लीलाबाई यादोराव मेश्राम, सही
अड्याळ, ९ फेब्रुवारी २०२५