रूपाचं लग्न कॅसेटीत कसं भरलं

कोरीट, ता. नंदुरबार
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

चिरंजीव भाग्येशराव यांस,

नवनीतकाकाचे पोटभर आशीर्वाद. (नावापुढं 'राव' मुद्दाम लावलं आहे. पुण्यात काचेच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या लग्नाच्या फिती कापणाऱ्या माणसाला नुसतं 'भाग्या' म्हणायची आता भीती वाटते.) तुझी तब्येत बरी असेल, पाठीचं दुखणं थांबलं असेल आणि डब्यातली भाजी तू फेकून देत नसशील, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. शोभावहिनींचा, म्हणजे तुझ्या आईचा, खोकला गेला. तुझी काकू रंजिता ठणठणीत आहे, हे तिच्या आवाजावरून चार घरं पलीकडेही कळतं. तुझे आबा, म्हणजे माझे थोरले बंधू दोधू, हेही बरे आहेत, पण त्यांच्याविषयी लिहायला जागा जास्त लागेल. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोन केला की तू 'काका, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, आणि तू मीटिंगमध्ये नसलास की आबा माझ्या शेजारी येऊन बसलेले असतात.

तर आपल्या रूपाच्या, तुझ्या बहिणीच्या लग्नाचा तू काढलेला पिक्चर. तू पेनड्राइव्ह पाठवलास, आम्हाला आनंद झाला. आबांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवून दिला. रोज त्याला हळदकुंकू लागतं. मी म्हटलं, अहो, हा बघायचा असतो. फोनवर दाखवतो म्हटलं तर म्हणाले, "फोनमा मन्ही पोर मुंगीनी मायक दिसस. माले नही देखनं." माझ्या घरच्या नव्या टीव्हीवर चला म्हटलं, तर दुसऱ्याच्या घरी पोरीची पाठवणी बघायला मी काय पाहुणा आहे का, असा उलटा सवाल. (आपल्या दोन घरांच्या मधे एक भिंत आहे. पण सवाल सवाल असतो.)

मला खरं कारण माहीत होतं. तुझ्या आबांचं ते लोखंडी कपाट तू लहानपणापासून बघतो आहेस. त्यांनी शूटिंग केलेली सगळ्या कोरीटच्या पोरींची लग्नं कॅसेटी होऊन त्यात उभी आहेत, पाठीवर आबांच्या अक्षरात नवरा-नवरीचं नाव घातलेली. त्यात रूपाचंच लग्न नाही. बरं, वधूपिता म्हणून लग्नात त्यांना काही दिसलंही नाही. मंगलाष्टकं चालू असताना ते आचाऱ्याशी भांडत होते, आणि पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाच्या जीपवाल्याला शोधत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरी सासरी जाताना त्यांनी डोळ्याला कॅमेरा लावून पाहिल्या आणि स्वतःची पोर गेली तेव्हा ते रस्त्यावर उभे होते. त्यात तू जाताना म्हणालास, "आबा, आता कॅसेट कोण बघतं?" तू सहज बोललास, हे मला कळतं. पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं आणि तेव्हापासून तुम्हा बापलेकांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'हो' एवढ्यावर आलं. म्हणून मी ठरवलं, की तुझा पिक्चर गुपचूप कॅसेटीत भरायचा आणि तो आबांच्या हातात ठेवायचा.

आता कोरी कॅसेट हल्ली कुठं मिळते? नंदुरबारच्या दुकानदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हत्तीसाठी खोगीर मागतोय. शेवटी अक्कलकुव्याच्या चुनीलालशेठची आठवण झाली. पूर्वी ते कॅसेटी भाड्यानं द्यायचे, आता मोबाईलची कव्हरं विकतात. शेठनी माळ्यावरून पॅकबंद कॅसेट काढून दिली, पण 'दोधूभाईच्या पोरीचं लग्न' म्हटल्यावर चहा, मग फाफडा, मग त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटीत आबांनी त्यांचं तोंड कमळात कसं बसवलं होतं त्याची साग्रसंगीत हकिगत. माझी शेवटची एसटी चुकली आणि मी मिरच्यांच्या टेम्पोत बसून शिंकत घरी आलो.

मग व्हीसीआर. तो साफ करून आणतो अशी थाप मारून मी आबांकडून मिळवला. त्यांनी तो गोधडीत गुंडाळून दिला आणि भिंतीपलीकडे न्यायचा असूनही 'खड्डा बघून चाल' असं बजावलं. देव्हाऱ्यातून हळूच उचललेला पेनड्राइव्ह हळदकुंकू पुसून लॅपटॉपला लावला. लॅपटॉपमधून एक वायर नंदुरबारच्या एका दुकानदारानं दिलेल्या डबीत, डबीतून पिवळी-पांढरी-लाल अशा तीन वायरी व्हीसीआरमध्ये. पहिल्यांदा मी पिवळी पांढरीच्या जागी खुपसली. चित्र नाही, आणि आवाज असा, की रंजिताला वाटलं गिरणी चालू झाली. ते निस्तरलं. पण तुला एक गोष्ट बहुतेक माहीत नसेल, कारण तुमच्याकडे सगळं बटण दाबलं की भुर्रकन कॉपी होतं. कॅसेटीत लग्न भरायचं तर ते अख्खं लागावं लागतं! हळद हळदीच्या गतीनं, पंगत पंगतीच्या गतीनं. त्यात तू सगळं हळू हळू केलेलं. रूपा मान वळवते ती वळवतेच आहे. तोरणमाळच्या तलावाकाठी जावईबापू चालत येतात ते माझा चहा संपला तरी पोचत नाहीत. अशात जेवणानंतरची वेळ, माझा डोळा लागला यात माझा काय दोष?

जागा झालो तेव्हा पाठवणी संपून पडदा काळा झाला होता. मी कॅसेट काढली, व्हीसीआर गोधडीत गुंडाळला आणि तपासायच्या फंदात न पडता (तपासायचं म्हणजे परत तेवढाच वेळ!) संध्याकाळी आबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी टोपी नीट केली, वहिनींना हाक मारली, आणि लावली.

भाग्येश, आता जे लिहितो ते वाचून तू कपाळावर हात मारशील. लॅपटॉपवर माझं व्हॉट्सॲप उघडं होतं. (तिथं अक्षरं मोठी दिसतात.) जे जे निरोप आले ते सगळे पडद्याच्या कोपऱ्यात उमटले आणि लग्नासकट कॅसेटीत गेले! रूपाला हळद लागते आहे आणि खाली आमच्या निवृत्त कर्मचारी मंडळाचं 'शुभ दुपार, गुडघ्यांची काळजी घ्या'. अंतरपाट धरला आहे आणि खाली रंजिता, 'मोठे भाऊ इकडेच येत आहेत, व्हीसीआर झाका'. आबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आणि मग पाठवणी. रूपा वहिनींच्या गळ्यात पडली आहे, तू कॅमेरा अजिबात हलू दिलेला नाहीस (तेवढं मात्र तू खरंच बापाकडून उचललंस), आणि कोपऱ्यात तुझं नाव आलं. 'काका, आबांनी बघितलं का? काही म्हणाले का?' ते गेलं. थोड्या वेळानं दुसरं. 'बघितलं नसेल तर राहू दे. आग्रह करू नका. मीच काहीतरी बोललो होतो.'

मला वाटलं आता कॅसेट बाहेर काढतात. पण आबा टीव्हीकडे वाकून, अगदी तू समोर बसल्यासारखे म्हणाले, "देखी ऱ्हायनू ना रे भाग्या. देखी ऱ्हायनू." वहिनींनी पदर डोळ्याला लावला. मीही चष्मा पुसला, त्यावर मिरचीची धूळ होती. मग आबांनी कॅसेट मागं नेली आणि पाठवणी पुन्हा लावली. रोज लावतात. रूपाला बघतात की तुझा निरोप वाचतात, ते मी विचारलेलं नाही.

एवढंच कळवायचं होतं. तुझं काम सोडून धावत येण्याची काही गरज नाही. वेळेवर जेवत जा. तुझ्या सोबत्यांना नमस्कार.

तुझाच,
नवनीतकाका

ता. क. : गरज आहे. वर खोटं लिहिलं. अजून एक झालं. तुला माहीतच आहे, आबांच्या प्रत्येक कॅसेटीच्या शेवटी ते कॅमेरा स्टँडवर लावायचे आणि स्वतः समोर येऊन हात जोडायचे. 'दोधूने हात जोडले की लग्न लागलं,' असं गाव म्हणायचं. रूपाची पाठवणी संपली, पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या, तरी आबा उठेनात. वाट बघत बसले. मग म्हणाले, "शूटिंगवाला कोठे शे?" तेव्हा आमच्या लक्षात आलं, की सगळ्या लग्नात तू एकदाही दिसत नाहीस. सख्खा भाऊ, आणि बहिणीच्या लग्नात नाही! त्यांनी कॅसेटीच्या पाठीवर रूपाचं नाव अजून घातलेलं नाही. ती कपाटात न जाता टीव्हीवर पडून आहे. शेवटी थोडी कोरी टेप उरली आहे, तिला हात लावायचा नाही असं त्यांनी मला बजावलं आहे. तेव्हा एका दिवसासाठी का होईना, ये. भरायचं काम मी करीन. व्हॉट्सॲप बंद ठेवीन आणि जेवणाआधी भरीन.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला डिंक मागायला गेलो आणि आबांनी पत्र हातातून ओढून घेतलं. सगळं वाचलं. 'मिरचीची धूळ' वाचून मला खोटारडा म्हणाले. खालची ओळ त्यांची आहे, अक्षर तू ओळखशीलच, कपाटभर आहे.

कॅमेरा लई ये. धरसू मी. तू समोर उभा ऱ्हाय.