तुमच्या कंपनीचा पहिला नंबर

अब्बा, परवा शहराबाहेरच्या राई भागात गेले होते. तुमच्या वेळी तिथे नुसती वाळू होती. आता गॅरेजं, गोदामं आणि काचेच्या भिंतींची शोरूम्स एकमेकांना खेटून उभी आहेत. आमच्या गाडीचे ब्रेक बदलायचे होते. मेकॅनिकने तासभर लागेल म्हटलं, म्हणून मी आणि तुमचा नातू उन्हातून सुटायला समोरच्या शोरूममध्ये शिरलो, आणि आत गेल्यावर कळलं की ते तुमच्याच कंपनीचं आहे. तीच अमेरिकन कंपनी, जिच्या गाड्या तुम्ही शहरातल्या शर्क भागात विकायचात. टाय लावलेला एक हैदराबादी विक्रेता पुढे आला. "बैठ के देखिए मॅडम. इस साल हम फिर नंबर वन." तुमचा नातू आवाज न दाबता म्हणाला, "नो चान्स, ममा." तो विक्रेता हसला, मीही हसले, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बसल्या बसल्या तुमचा तो जुना प्रश्न इतका स्पष्ट आठवला, की मेकॅनिक बोलवायला आला तरी मी उठले नव्हते. "बाय, परत पहिला नंबर येईल की नाय?" तुम्ही गेल्यावर हे मला कुणी विचारलेलं नाही. तेव्हा खरं उत्तर देता आलं नव्हतं. आज रुमैथियातल्या माझ्या स्वयंपाकघरात, घरातले सगळे बाहेर गेलेले असताना, देऊन बघते.

मी आठ वर्षांची असताना अम्माबरोबर मुंबईहून बोटीने इथे आखातात आले. तुम्ही आधीच आला होतात, पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून आणि मग अरबाबच्या शोरूममध्ये विक्रीला. तुमच्या मालकाला आपण सगळे अरबाबच म्हणायचो. तरुणपणी तो मोती काढायच्या होडीवर कप्तान होता, आणि तुम्ही रत्नागिरीच्या खाडीवरच्या तांडेलाचा मुलगा. म्हणून तुमचं जमलं असणार. गाडी विकताना तुम्ही दोघंही तिच्या बॉनेटवर थाप मारायचात, होडीच्या फळीवर मारतात तशी. "वजन बघा," तुम्ही अरबीत गिऱ्हाइकाला सांगायचात, "लाटेवर हलायची नाही." समोर नुसता सपाट रस्ता असायचा, पण कुणी हसायचं नाही. घेणारेही बहुतेक जुने कप्तान नाहीतर व्यापारी, आणि जड गलबतावर माणसाचा विश्वास का बसतो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्या वर्षांत रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे तुमच्या कंपनीची गाडी. जपानचं नाव कुणी काढलं तर तुम्ही म्हणायचात, "ते खेळणी करतात. चांगली करतात."

पण त्या वर्षांतले तुम्ही मला फारसे आठवत नाही, अब्बा. शुक्रवारी नमाज झाल्यावर सगळ्यांचे अब्बा घरी येत. तुम्ही शोरूमला जायचात, कारण मोठी गिऱ्हाइकं शुक्रवारीच यायची. अम्मा झुबैदी तळायची. आपल्याकडे त्याला सरंगा म्हणतात हे तिला कुणीतरी बाजारात दाखवून दिलं, आणि त्या दिवसापासून तिला हा देश परका वाटेनासा झाला. मधली तुकडी ती तुमच्यासाठी झाकून ठेवायची. ती थंड व्हायची, मग अम्माच खायची आणि म्हणायची, "तुज्या अब्बांच्या नशिबात गाड्या हायत, मासे माज्या."

मग एका शुक्रवारी मामू आला. मीना अब्दुल्ला नावाच्या बंदरावरच्या रिफायनरीत तो नोकरीला होता, आणि त्याने हप्त्यावर एक पांढरी, छोटी जपानी गाडी घेतली होती. योगायोगाने त्या दिवशी तुम्ही घरी होतात. त्याने खालून हाक मारली, "दुल्हाभाय, बगायला तरी या!" तुम्ही गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघितलंत.

"ही गाडी हाय, की गाडीचा पिल्लू?"

"पिल्लू म्हना. रोज रिफायनरीला नेतंय, आणतंय. अजून एकदा पन रुसला नाय."

"चार मानसं बसली की रडंल."

"चार मानसं हायतच कुठं? मी नि माजी बायको. तुमची ती लांबलचक गाडी घेऊन मी काय वरात काढू?"

अम्मा स्वयंपाकघरात खदखदून हसली. तुम्हाला मामूचा राग आला नाही, तिचा आला. जेवताना तुम्ही शांतपणे हिशोब मांडलात. पाणी आपण टँकरचं विकत घेतो आणि पेट्रोल त्याहून स्वस्त मिळतं. असल्या देशात माणूस गुडघे छातीशी घेऊन कशाला बसेल? हा मुद्दा बिनचूक होता, मला आजही तसंच वाटतं. तुमच्या हिशोबात एकच गोष्ट आली नव्हती. गाडी घेणारी माणसं बदलत होती. शाळेतल्या बाई, हॉस्पिटलातल्या नर्सा, बँकेतले कारकून, मामू. यांच्यातलं कुणी कधी तुमच्या शोरूमची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे ते तुम्हाला दिसलेच नाहीत.

पुढच्या दीड-दोन वर्षांत टॅक्सीवालेही जपानी गाड्यांकडे वळले. तुमच्या कंपनीचा पहिला नंबर गेला. शोरूममध्ये दिवस दिवस कुणी येईना, तेव्हा अरबाबने निम्म्या माणसांना दुपारी घरी पाठवायला सुरुवात केली आणि त्यात तुम्ही होतात. सुरुवातीला तुम्ही दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसायचात, जसे काही आत्ता निघणार आहात. मग तुम्ही स्टोव्ह दुरुस्त केलात, तो बिघडलेला नसताना. मग अम्माचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावलेत. अम्मा कडाडली, "माज्या डब्यांना हात लावू नका! ह्यो काय तुमचा शोरूम हाय?" तुम्ही खुर्चीवर जाऊन बसलात, आणि थोड्या वेळाने मला म्हणालात, "चल बाय."

शोरूमची दाखवायची गाडी कुणी मागत नव्हतं, ती तुम्ही मागून आणलीत. शेवटची घरं मागे पडतात, रस्ता संपतो आणि सपाट जमीन सुरू होते. तुम्ही मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवता, पाठीमागे उशी देता. माझे हात स्टिअरिंगवर आवळलेले आहेत. "सुकाणू असा गळा धरल्यासारका धरू नको. गाडीला ठाऊक हाय कुठं जायचा, तू फक्त आठवन करून दे." मी आठवण करून देते. गाडी भसकन मऊ वाळूत घुसते आणि रुतते. तुम्ही ओरडता, "घाई कुनाला हाय? मना तर नाय!" मग आपण दोघं हसायला लागतो. कारण जन्मभर घाई असलेला माणूस माझ्या ओळखीत एकच होता. चाकाखाली पोतं घालून गाडी काढायला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तुम्ही मला ते सांगितलंत जे तुमच्या एकाही गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. आजोबांनी तुम्हाला पहिल्यांदा दर्यावर नेलं तेव्हा तुम्ही जाताना ओकलात आणि येताना ओकलात. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आजोबाच म्हणाले, ह्याला शाळेत घाला. तांडेलाच्या पोराला बोट लागत होती! "कुनाला बोलू नको," तुम्ही म्हणालात, "माजा सगळा धंदा त्या लाटेवर चाललाय."

असं ते वर्ष गेलं. दुपारी आपण गाडी चालवायचो, संध्याकाळी तुम्ही टॅक्सी स्टँडवर कुठल्या गाड्या उभ्या आहेत ते बघून यायचात, हात धुता धुता मला तोच प्रश्न विचारायचात, आणि मी म्हणायचे, "येईल ना अब्बा." अम्मा मात्र वेगळाच विचार करत होती. आपला इकामा, म्हणजे इथे राहायची परवानगी, अरबाबच्या नावावर होता. "उद्या त्यानी दुकान बंद केला तर आपन बोटीत. आनि गावाला सातवीच्या पुढं पोरींची शाळा हाय का?" मी तेव्हा नववीत होते. मामूने निरोप आणला की जपानी गाड्यांच्या एजन्सीला अरबी बोलणारा जुना विक्रेता हवा आहे, इकामाही ते करून देतील. तुम्ही हो म्हणाला नाहीत. नाहीही म्हणाला नाहीत. "नवीन मॉडेल येऊ दे," एवढंच म्हणायचात. "कंपनीला समजला नसंल काय? ती मोठी मानसं हायत. एकदा नवीन मॉडेल उतरू दे." अख्खा उन्हाळा आपण चौघं त्या मॉडेलची वाट बघत होतो. मामूसुद्धा, कारण तोपर्यंत त्याला तुम्हाला चिडवताही येत नव्हतं.

नव्या गाड्यांची बोट धक्क्याला लागली त्या दिवशी तुम्ही मला बंदरावर नेलंत. अरबाब आधीच येऊन उभा आहे, पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, हातात माळ. क्रेन पहिली गाडी वर उचलते, ती हवेत सावकाश वळते आणि धक्क्यावर टेकते. तुम्ही पुढच्या दिव्यापासून चालायला सुरुवात करता. दारापर्यंत येता, मागच्या दारापर्यंत, डिकीपर्यंत, आणि तरी गाडी संपत नाही. तुमचा चेहरा मला दिसतोय. वाईट वाटल्याचा नव्हता तो. खूप विचारपूर्वक लिहिलेल्या पत्राला भलतंच उत्तर यावं, तसा होता.

"काय म्हणतोस?" अरबाबने विचारलं.

"अरबाब, आणखी लांब केली."

अरबाब हसायला लागला. इतका हसला की गाडीला टेकून उभा राहिला, आणि मग तुम्हीही हसलात. नंतर तो बराच वेळ अरबीत बोलला, आणि परत येताना तुम्ही मला ते सगळं आपल्या बोलीत सांगितलंत. तो म्हणाला, मला जपान्यांनी बुडवायची ही दुसरी वेळ आहे. मी होडीवर होतो तेव्हा त्यांनी भाजी लावावी तसे मोती पिकवायला सुरुवात केली. आम्ही म्हणालो, खऱ्या मोत्याची सर त्याला कुठली? बरोबरच म्हणालो. खरा मोती आजही खराच आहे, फक्त घेणारा निघून गेला. मी तो परत येईल म्हणून बसून राहिलो, होडी किनाऱ्यावर वाळून फुटली. तू बसू नकोस. तुम्ही विचारलंत, "पण अरबाब, पुन्हा येईल ना आपला नंबर?" त्याने माझ्याकडे बघितलं. "अल्लाहला ठाऊक. या मुलीची शाळा त्याच्या भरवशावर ठेवू नकोस." दुसऱ्याच दिवशी त्याने तुम्हाला तनाझुल दिलं, दुसऱ्या मालकाकडे जायची मोकळीक. स्वतः मात्र त्या लांब गाड्या विकत राहिला, थोड्या, आपल्या जुन्या दोस्तांना.

तुम्ही छोट्या गाड्या विकायला लागलात. पहिला आठवडा कामाचा विषय घरात निघाला नाही. मग एकदा अम्माने एजन्सीत पाठीमागून तुम्हाला गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं, आणि रात्री जेवताना नक्कल करून दाखवली. "हलकी आहे, लाटेवर तरंगेल." ती म्हणाली, "काल वजन चांगला होता, आज हलका चांगला?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मालक बदलला. दर्या तोच हाय." त्या एजन्सीतही तुम्हीच सगळ्यात जास्त गाड्या विकल्यात. आपण इथे राहिलो. मी शाळा पूर्ण केली, पुढे मुंबईत शिकले, लग्न होऊन परत इथेच आले आणि शिकवायला लागले. माझं सगळं आयुष्य बंदरावरच्या त्या सकाळमधून निघालं असं मी मुलाला सांगते, तेव्हा तो म्हणतो, "सिरियसली?"

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. परवा मी त्या गाडीत बसले, अब्बा. चांगली आहे. दार हलकं आहे, मागे बसणाऱ्याच्या पायाला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे ती आखूड आहे. कुणीतरी अखेर मोजली म्हणायची. तुमची कंपनी पुन्हा चांगल्या गाड्या करू शकेल याबद्दल मला शंका नाही. पण तुमचा तो पहिला नंबर नुसता गाडीचा नव्हता. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं आणि घेणारे सगळे एकाच प्रकारचे होते, त्या काळाचा तो नंबर होता. तसं राज्य आता कुणालाच मिळायचं नाही, जपान्यांनाही ते टिकवता येईल असं वाटत नाही. तुमच्या कंपनीने शोरूमबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या मामूला आत बोलावून विचारलं, की बाबा, तुझ्या गाडीत कोण कोण बसतं, तर एखादं वर्ष तिचंही येईल. मुलगा म्हणतो नो चान्स. मी म्हणते, थोडा आहे. तुमची मुलगी म्हणून थोडा जास्त देते.

नव्या नोकरीत तुम्ही पुन्हा शुक्रवारचे दिसेनासे झालात. अम्मा पुन्हा मधली तुकडी झाकून ठेवायला लागली. माझ्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, त्या सकाळीही तुम्ही शोरूमला निघाला होतात. याची मला तक्रार नाही. काम तुम्हाला आवडायचं, आणि आवडीचं काम करणारा माणूस घरात असणं ही काही लहान गोष्ट नव्हती. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एवढं लिहून टाकते. संध्याकाळी तुम्ही ओले हात घेऊन माझ्यासमोर उभे राहायचात आणि मी "येईल ना अब्बा" म्हणायचे, ते तुमच्यासाठी म्हणायचे. मला स्वतःला ना तुमची कंपनी जिंकायला हवी होती, ना मामूची. गिऱ्हाईक कुणाकडेच जाऊ नये आणि तुम्हाला उद्याही दुपारी घरी पाठवावं, एवढंच मला हवं होतं.