गूळपाणी पाजू नका

मी पुंजाराम कडुबा शेजूळ, वय शहात्तर, निवृत्त व्हॉल्व्हमन, शिक्षण चौथी, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर. डोकं ठिकाणावर आहे, कुणी दम दिलेला नाय. हे मृत्युपत्र माझ्या मर्जीनं लिहितो. वकील नको म्हणलो. तो एका गोष्टीला तीन पानं लावतो.

१. घराचा खालचा मजला मुलगी सत्यभामाला, वरचा मुलगा शिवराजला. भांडायचं नाय.

२. बँकेत उरंल ते सत्यभामाच्या लेकीच्या, सायलीच्या औषधाला.

३. पाणी सोडायची माझी लोखंडी चावी शिवराजला. व्हॉल्व्ह अडला तर मी कधी शिवी दिली नाय, आधी खड्ड्यात उतरून बघायचो. पोराला मात्र बघितलं नाय.

४. दोन हजार तेराचा दुष्काळ. शिवराजची पोलीस भरती. आदल्या दिवशी मैदानावर लई पळाला, म्हणून त्याच्या आईनं, आशाबाईनं, पुरणपोळ्या खाऊ घातल्या. सकाळी हातपाय लुळे.

"आबा, पाय उचलंना."

"नाटकं बंद कर! मी दिवसभर उन्हात पाणी सोडत फिरतो, अन् तुला पळायचं जिवावर येतं व्हय?"

वर दोन तांबे गूळपाणी पाजलं. मग मानबी उचलंना. सांजच्याला उठला, तवर भरती हुकली. मी त्याची वळकटी रस्त्यावर टाकली. तो वेरूळला रिक्षा चालवतो. आशाबाई गेली तवा आला, माझ्याशी बोलला नाय. फोन उचलत नाय.

५. यंदा संक्रांतीला गुळाच्या पोळ्या खाऊन सायली तशीच पडली. मी तांब्या घेऊन धावलो. शेजारच्या डॉक्टर मनस्विनीबाईंनी तो हिसकावला. "आजोबा, यानंच वाढंल!"

त्यांनी सांगितलं ते असं. अंगातल्या पेशीला पोटॅशियम जायाचे बारीक व्हॉल्व्ह असतात, ते इशाऱ्यावर उघडतात, मिटतात. आमच्या घराण्यात त्यांची घडणच बिघडलेली. लई गोड खाल्लं की इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशीत ढकलतं, रक्तात कमी पडतं, अन् हे व्हॉल्व्ह नीट चालत नाय. मग स्नायू हुकूम ऐकत नाय. काळजाचे ठोकेबी चुकू शकतात.

मागच्या आठवड्यात माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. दोष माझ्यातबी आहे. मी कधी पडलो नाय, म्हणून पोराला आळशी म्हणलो.

६. बाकी कलमं मी मेल्यावर. हे आजच. कचरू, तू साक्षीदार, सही झाली की वेरूळची बस धर, हा कागद शिवराजच्या हातात दे. त्यानं रक्त तपासावं, काळजाची पट्टी, ते ईसीजी, काढावी. पडला तर कुणी गूळपाणी पाजू नका. घरी ये असं म्हणायचं माझं तोंड नाय.

शिवराज, त्या दिवशी तू खरं बोलत होतास.

पुंजाराम कडुबा शेजूळ
उस्मानपुरा, १० मे २०२४

साक्षीदार:
१. डॉ. मनस्विनी देशपांडे. आजोबा पूर्ण शुद्धीत आहेत.
२. कचरू बनकर, व्हॉल्व्हमन. सही केली, निघालो.