हवाबंद घर आणि माझी खिडकी

४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. नव्या इमारतींनी वीज किती खायची, याचे सरकारी नियम मी लिहिले. (साहेबांची फक्त सही.) मुख्य कलम: घर हवाबंद पाहिजे. फटीतून गार हवा पळाली की एसी उगाच राबतो. बिल्डर म्हणतात, असं घर बांधून तरी दाखवा. दाखवतो! आमचंच नवं घर टेस्टला देतोय. पास झालं की नियम लागू, आणि आम्हाला इथे राहायचं पक्कं सर्टिफिकेट. सौ. म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. तिला दूरदृष्टी नाही.

७ मार्च
सौ.ला स्वयंपाकघराची खिडकी उघडायची होती. कलम वाचून दाखवलं. खिडक्यांची रबरं टेस्टपर्यंत नवीच राहिली पाहिजेत, म्हणून उघडझाप बंद. हवा खेळती ठेवायला मशीन आहे. ते सारखं घुरघुरतं, म्हणजे काम करतंय. सौ.ने कांदा परतला. डोळे तिघांचेही चुरचुरले, माझे, तिचे आणि माझ्या बाबांचे.

९ मार्च
संकल्प: रोज सकाळी भरभर चालणे.

१० मार्च
चाललो. खोलीतल्या खोलीत. बसवत नाही, कशात मन लागत नाही. बाबांनी विचारलं, मुंग्या चावतायत का रे. त्यांना पॉलिसीचं टेन्शन काय कळणार.

१३ मार्च, दुपार
माझ्या खोलीची खिडकी बोटभर उघडली. गुदमरत होतं म्हणून नव्हे, शास्त्रीय निरीक्षण. दाराला आतून कडी लावली, उगाच सौ.चा गैरसमज नको. निरीक्षण उत्तम झालं. डुलकीही लागली.

१६ मार्च
निरीक्षण रोज चालू. पण उघडताना रबर करकरतं. सौ.ने विचारलं, कसला आवाज. पाल, म्हणालो. मग ब्लेडने खालचं रबर तेवढं कापून काढलं. अगदी बारीक पट्टी. आता काही आवाज नाही. ज्याने नियम लिहिला त्याला नियमाचा आत्मा माहीत असतो. रबर बाकीच्यांसाठी.

२० मार्च
सौ.च्या मानेवर घामोळं आलंय. बाबा जेवण झालं की जिन्यात जाऊन बसतात. दोघांनाही धीर दिला: परवाच टेस्ट. भाषण लिहायला घेतलं, चारदा फाडलं. सौ.च्या सहकार्याचा उल्लेख करायचा. (वेळ उरल्यास.)

२२ मार्च, सकाळ
कोट घातला. साहेब येणार, बिल्डर येणार. बारापर्यंत पास, मग भाषण.

२२ मार्च, संध्याकाळ
तपासनीस बाईंनी दारात मोठा पंखा बसवला. तो घरातली हवा बाहेर ओढतो, मग फटींतून किती हवा आत येते ते मोजतात. भरपूर आली. नापास.

मी तिथूनच खिडक्या बसवणाऱ्या मिस्त्रीला फोन लावून झापलं, काम कच्चं म्हणून. मग सगळ्यांदेखत सौ.ला विचारलं, खिडकी उघडली होतीस ना. तिने बाईंना स्वयंपाकघराची वाट दाखवली.

बाईंनी धुराची नळी खिडक्याखिडक्यांशी धरली. स्वयंपाकघरात धूर सरळ वर गेला. माझ्या खोलीत आडवा झाला. बाई वाकल्या. म्हणाल्या, इथलं रबर कुणीतरी कापलंय. ब्लेड तिथेच होतं. मी उन्हाने रबर आक्रसतं वगैरे सांगून पाहिलं. बिल्डर हसलेसुद्धा नाहीत. साहेबांनी नियम पुढच्या वर्षावर ढकलले आणि फाईल माझ्याकडून काढून घेतली. बाबा जिन्यातून म्हणाले, लोका सांगे ब्रह्मज्ञान.

सगळे गेल्यावर सौ. एवढंच म्हणाली, "मी एकदाही उघडली नव्हती हो."

२३ मार्च
रजा टाकली. मिस्त्रीची माफी मागायची आहे. उद्या मागेन.

स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, आज तिची खिडकी आपण स्वतः उघडून द्यायची. पंधरा-वीस दिवस न हललेलं रबर चिकटून बसलेलं, खिडकी काही उघडेना. सौ.ने माझा हात बाजूला केला. म्हणाली, राहू द्या. फेरटेस्ट होईल ना, घरातली एक तरी खिडकी पास होऊ दे.

लाज वाटली. बाहेर जिन्यात गेलो. बाबा थोडे सरकले.