वेखंडाची पुरचुंडी

॥ श्री ॥
अमरावती, आश्विन वद्य ९, शके १७८६

राजश्री जानरावजी व्याही, मुक्काम बार्शीटाकळी, यांस खुशालरावाचा रामराम विशेष. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्हीही असाल असं लिहायला बसलो होतो, पण तुमचा गाडीवान बैलांना पाणी दाखवता दाखवता दुसऱ्याशी बोलत होता आणि माझे कान तुम्हांला ठाऊक आहेत. तो म्हणत होता की पावसाळ्यात ताप येऊन गेल्यापासून तुमच्या सूनबाईचं, म्हणजे आमच्या माणिकचं, सगळं अंग दुखतं. ताप गेला, दुखणं राहिलं. हे खरं असेल तर मला गाडीवानाकडून का कळावं? सोबत घाण्याचं तिळाचं तेल पाठवलं आहे. कोमट करून चोळावं.

इथे कोणी स्वस्थ बसत नाही. समुद्रापलीकडे गोरे आपसांत लढताहेत, त्यांचा कापूस अडला आहे, तोवर आपला कापूस सोनं आहे, आणि लढाई कधी थांबेल हे कोणालाच माहीत नाही, म्हणून जो तो पळतो आहे. शेजाऱ्याने तर उशा उसवल्या. मीही घरच्या गाद्या रिकाम्या करून कापूस बाजारात नेला. माणिकच्या आई मैनाबाई दिवसभर रुसून होत्या. उसवताना कोपऱ्यांतल्या वेखंडाच्या पुरचुंड्या तेवढ्या काढून फडताळात ठेवल्या. कसर लागू नये म्हणून मैनाबाई प्रत्येक बिछान्यात लाल खणाची पुरचुंडी शिवतात. माणिकच्या लग्नात तुमच्या मंडळींनी त्या वासावरून आमची केवढी थट्टा केली होती!

तुम्हीही विचार करा, व्याहीबुवा. या दिवसांत कापसावर निजणं म्हणजे सोन्याच्या ताटात कण्या खाणं. भाव उतरला की पुन्हा भरू.

विहीणबाईंना रामराम, जावईबापूंना आशीर्वाद. ममता आहेच, ती पत्रातूनही दिसू द्यावी.
तुमचा, खुशालराव


॥ श्री ॥
बार्शीटाकळी, मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १७८६

राजश्री खुशालरावजी व्याही यांस जानरावाचा रामराम. पत्र पावलं, तेलाचा बुधला पावला. उशिराबद्दल राग नसावा. वेचणी लागली आहे. काळ्या रानात जिकडे बघाल तिकडे पांढरं, आणि वेचायला माणूस मिळत नाही. बाया आज आमच्याकडे, तर उद्या एक पायली जास्त देणाऱ्याकडे.

तुमचा सल्ला मानला. घरात कापसाचं बोंड म्हणून ठेवलं नाही.

आता सूनबाईचं. लपवायचं नव्हतं, पण सांगावं काय हेच कळेना. सूज नाही, ताप नाही, जखम नाही. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत ठणकतं म्हणते. कासाराने हात दाबला तर डोळ्यांत पाणी आलं, बांगड्या न भरताच उठली. दिवाळीपासून जास्त झालं. सकाळी उठते ती रात्रभर जातं ओढल्यासारखी. परवा वरणात मीठ दोनदा पडलं. अकोल्याच्या वैद्यबुवांना दाखवलं, त्यांनी वात सांगितला. हकीम म्हणाला कमजोरी. आमच्या मंडळींचं, म्हणजे तुमच्या विहीणबाईंचं, म्हणणं तिसरंच आहे, की वेचणी आली म्हणून दुखणं आलं. मी दोन्हीकडून ऐकतो आणि रानात निघून जातो. चंद्रभान गाड्यांबरोबर असतो, घरी आला की बायकोच्या तोंडाकडे आणि आईच्या तोंडाकडे पाहून पुन्हा बैल जुंपतो.

तुम्ही येऊन पाहा म्हटलं तर तुमचं व्रत आड येतं. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणता, आणि अमरावतीहून येणारा माणूस बिनपाण्याचा किती वेळ बसणार? आपुलकी राखून असावं, एवढीच विनंती.
जानराव


॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष वद्य २, शके १७८६

राजश्री जानरावजींस रामराम विशेष. पत्र वाचलं तेव्हापासून एका जागी बूड टेकत नाही. बाजारात भाव ऐकतो तो एका कानाने, दुसऱ्या कानाने कोणाचं काय दुखतं आणि कशाने थांबलं ते ऐकतो. व्याहीबुवा, सगळ्या मुलखाचं अंग दुखतं आहे आणि प्रत्येकाजवळ औषध आहे!

गाडीसोबत पाठवतो ते असं. धारणीकडचा कोरकू डोंगरातून डिंक घेऊन आला होता, त्याचे मेथी घालून मैनाबाईंनी लाडू केले आहेत. आस्कंदाची, म्हणजे अश्वगंधाची, पूड आहे, रात्री दुधातून. एरंडेल आहे, सुंठीच्या काढ्यातून. निर्गुडीचा पाला तुमच्या नाल्यावर मिळेल, तो पाण्यात उकळून त्या पाण्याने न्हाऊ घालावं. कापसातली सरकी काढायचे रेचे फिरवणाऱ्या बाया सांगतात, ओव्याची पोटळी तव्यावर तापवून शेकावं. जवसाची चटणी रोज. हळदीचं दूधही.

पथ्याचं असं. एक वैद्य म्हणतात वांगं आणि हरभरा बंद. दुसरे म्हणतात तुरीची डाळ बंद. तेलाचा व्यापारी म्हणतो आंबट बंद, आणि त्याच्या आईचे गुडघे त्यानेच थांबले, म्हणून तेही लिहितो. संत्र्यांच्या बागेतला माळी म्हणतो थंड काहीच नको. सगळंच करावं. कशाने तरी गुण येईल.

नमुना पाहिल्याशिवाय मी कधी माल उचलला नाही, पण लेकीच्या बाबतीत धीर धरवत नाही. विहीणबाईंना म्हणावं, माणिक लहानपणी कामचुकार नव्हती. गाडी हाकत होतो त्या दिवसांत माझ्याबरोबर सरकी निवडायला बसायची. मन राखावं, उत्तर धाडावं.
खुशालराव


॥ श्री ॥
बार्शीटाकळी, पौष वद्य ६

इवाईबुवा खुशालरावजी यांस दुर्गाबाईचा रामराम. मले लिवता येत नाही. पंतोजीले सांगतलं का मी बोलतो तसंच लिवा, सुधारू नका. घरधन्याले हे पत्र ठाऊक नाही.

तुमी गाडीभर औषधं धाडली. कावून धाडता? डाळ बंद, वांगं बंद, हरभरा बंद, आंबट बंद, थंड बंद. मंग तिले खायले काय रायलं, हवा? एरंडेल पाजलं तं पोरगी दोन दिवस घरात कमी अन् वावरात जास्त. लाडू खाल्ले तं वर काढा, काढा पेली तं वर दूध. तिचं पोट बिघडलं, अंग तसंच. निर्गुडीच्या पाण्यानं मातर थोडं बरं वाटते म्हणते. बाकीचे लाडू वाया जातीन म्हणून मी खाल्ले.

मी कजाग नाही. पण बाया वेचाले मिळून नाही रायल्या, अन् घरची सून भिंतीले टेकून बसते. गावातल्या बाया मले इचारतात. तिचं दुखते तं माहं नाही दुखत? भुईवर निजून सकाळी माहीबी पाठ धरते, खांदा उचलत नाही. मी कोणाले सांगतो का? उठतो अन् चुलीपाशी बसतो.

म्हणून सरळ सांगतो. वैशाखातल्या अखाजीपर्यंत वाट पाहीन. तवापर्यंत उभी रायली तं लक्षुमी. नाही तं तुमची लेक तुमच्या घरी धाडीन अन् चंद्रभानाचं दुसरं पाहीन. एक पोरगी पाहूनबी ठेवली आहे. राग मानू नका. लेकीच्या बापानं ऐकून घ्यावं लागते.

मैनाबाईले म्हणा, लाडवात मेथी जास्त पडली. माया असू द्या.
दुर्गाबाई


॥ श्री ॥
अमरावती, माघ वद्य ७, शके १७८६

राजश्री जानरावजी व्याही यांस रामराम. हे पत्र तुमच्या मंडळींसमोर वाचावं.

काल बाजारात अकोल्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाड्या लागल्या होत्या. माझी रीत अशी की वरचा कापूस कोणीही चांगलाच ठेवतो, म्हणून मी कोपरापर्यंत हात घालतो. वर यंदाचा होता, खाली जुना, दबलेला, पिवळट, माणसाच्या अंगाचा वास लागलेला. जुनं नव्यात मिसळून खपवायचे दिवस आहेत, मला नवल वाटलं नाही. पण हाताला काही टोचलं. बाहेर काढलं तर लाल खणाची पुरचुंडी, हिरव्या दोऱ्याने शिवलेली. नाकाला लावली आणि तिथेच गाडीच्या चाकाला टेकून बसलो. वेखंड.

गाडीवानाला विचारलं, हा माल कुठला. म्हणाला, बार्शीटाकळीचा, जानरावांच्या घरचा. घरी आणून मैनाबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी टाका पाहिला आणि आत गेल्या. तो टाका त्यांचा. ती गादी आम्ही माणिकला आंदणात दिलेली.

तुम्ही लिहिलं होतं की घरात बोंड ठेवलं नाही. दुखणं दिवाळीपासून वाढलं, हेही लिहिलं होतं. विहीणबाईंनी तर भुईवर निजतो असं स्पष्टच लिहून पाठवलं होतं. हो, त्यांनी पत्र धाडलं होतं. रागावू नका, तुमच्या घरातलं तेवढं एकच पत्र उपयोगाचं होतं. मी सगळं वाचलं आणि ओवा शोधत हिंडलो. जिचं अंग हात लावू देत नाही ती पोर थंडीच्या दिवसांत भुईवर निजते, आणि मी तिला एरंडेल पाठवतो!

तुमचा दोष म्हणत नाही. गाद्या विकायची अक्कल कोणाची, ते माझ्याच अक्षरात तुमच्याकडे आहे.

मी येतो आहे. गाडीत चांगला कापूस असेल, पिंजारी असेल. व्रत मोडत नाही, माझी पाण्याची घागर मी घेऊन येतो आणि तुमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली बसतो. विहीणबाईंना हात जोडून एवढंच, की अखाजीच्या आत दुसरी पोरगी पाहायला जाऊ नये. बाकी बोलणं समोर. स्नेह तुटू देऊ नये.
खुशालराव


॥ श्री ॥
बार्शीटाकळी, वैशाख वद्य ५, शके १७८७

राजश्री खुशालरावजी व्याही यांस जानरावाचा रामराम विशेष. अखाजी होऊन गेली. आमची मंडळी उत्तराची वाट पाहायला लावू नका म्हणतात, म्हणून आधी तेच: माणिक इथेच आहे आणि इथेच राहील. दुसऱ्या पोरीकडे नकाराचा निरोप गेला. तो दुर्गाबाईंनी स्वतः जाऊन दिला आणि येताना त्यांच्याकडचं लोणचं घेऊन आल्या.

तुम्ही घागर घेऊन लिंबाखाली बसलात त्याची गोष्ट गावात अजून चालते. तुम्ही गेल्यावर घरात काय झालं ते ऐका. पिंजाऱ्याने कापूस पिंजला, गाद्या भरल्या. दुर्गाबाई म्हणाल्या, मी मोठी, माझी आधी. त्या रात्री निजल्या त्या कोंबडा आरवला तरी उठेनात. उठल्यावर खांदा हलवून पाहिला. मग माणिकजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या की माझं तीन-चार महिन्यांचं दुखणं भुईचं होतं, गादीवर आलं आणि गेलं. तुझं तर आधीपासूनचं आहे आणि वर ही भुई. तुला कसं झालं असेल ते मला आज कळलं. त्या दिवसापासून सुनेला तेल त्या चोळतात. बोटं दाबत नाहीत, नुसती फिरवतात.

औषधांचं तुम्ही सांगून गेलात तसंच केलं, एका वेळी एक. निर्गुडीचं पाणी आणि तेल ठेवलं. लाडू थोडे. पथ्यं सोडली, वेळेवर गरम भाकर, वरण, भाजी. सकाळी रानाच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत चालून येते, जेवढं झेपेल तेवढं. वेचणी संपली होतीच, आता बसून सरकी निवडते. दुखणं गेलं असं लिहिणार नाही. वैद्यबुवाही म्हणतात, हे जाईल तेव्हा जाईल. एखादा दिवस असा येतो की केसांना फणी लावायला हात उचलत नाही. त्या दिवशी वेणी सासू घालते आणि शेजारणींनी विचारलं तर त्यांनाच झापते.

लढाई थांबली म्हणतात. भाव कोसळला. अकोल्याला परवा गाड्या उभ्या होत्या आणि कोणी हात घालून पाहीना. तुमचा सल्ला यापुढे कापसात मानीन, गाद्यांत नाही.

माणिकने एक निरोप सांगितला आहे, जसाच्या तसा लिहितो. बाबा लिंबाखालून उठताना कमरेला हात लावून उठले. आता कापूस स्वस्त झाला ना, मग विचारा, आई अजून भुईवरच निजते का?

जिव्हाळा आहे तसाच ठेवावा.
जानराव


॥ श्री ॥
अमरावती, ज्येष्ठ शुद्ध ३, शके १७८७

राजश्री जानरावजी व्याही, सौभाग्यवती विहीणबाई आणि चिरंजीव माणिक यांस खुशालरावाचे यथायोग्य रामराम व आशीर्वाद.

बाजार बसला. काल जे ओरडत होते ते आज हळू बोलतात. माझंही गेलं, बरंच गेलं, पण गाडी हाकता येते अजून.

माणिक, तुझा निरोप वाचून फडताळ उघडलं. पुरचुंड्या तिथेच होत्या. तुझ्या आईला विचारलं की भुईवर निजून अंग दुखत होतं का. म्हणाली, हो. विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, तुम्ही मुलखाचं दुखणं ऐकत हिंडत होता, मध्ये कशाला बोलू.

त्याच दिवशी पिंजारी बोलावला. पुरचुंड्या तिने आपल्या हातांनी चारही कोपऱ्यांत शिवल्या. आज ऊन ओसरीवर आलं तरी ती उठली नव्हती. मी उठवलं नाही. चूल मीच पेटवली. भाकर करपली, पण आवाज होऊ दिला नाही.

सर्वांनी आम्हांला आपलं म्हणत राहावं.
खुशालराव