बांधापलीकडचा चेंडू

९ नोव्हेंबर २०२५

आज पुन्हा चेंडू दादाच्या रानात गेला. चांगला होता, नवा.

सोयाबीन निघाल्यापासून माझं वरचं रान मोकळं आहे. सकाळी गोल्फच्या काठ्या घेऊन जातो. बाभळीखाली उभं राहून मारतो. लहान काठीचे फटके माझ्याच रानात राहतात. ड्रायव्हर घेतला, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, की चेंडू बांध ओलांडून दादाच्या हरभऱ्यात. तो गेलाच म्हणायचा. "बांधाच्या हिकडं पाय टाकायचा न्हाई" – दादाचे शब्द. मीही तेच त्याला सुनावलं होतं. सख्खा थोरला भाऊ, पण माझ्या पोरीच्या, वैष्णवीच्या लग्नात अक्षता टाकायला आला नाही, तो ह्या बांधावरून. नांगराच्या एका तासाएवढी, वीतभर माती. कुणी सरकवली देव जाणे.

असो. चेंडू आमच्या पाली गावात मिळत नाहीत, एवढंच.

१२ नोव्हेंबर

नेकनूरहून परमेश्वर आला. आम्ही एकाच पलटणीतले. फेब्रुवारीत छावणीच्या मैदानावर माजी सैनिकांचे सामने आहेत, तिथं स्वतःचं नाव देऊन आला. माझंही! विचारलं नाही, काही नाही.

वर मलाच म्हणतो, "ड्रायव्हर किती जातो बे तुझा?"

मी म्हटलं, जातो लांब.

"लांब म्हंजी? मीटरमधी सांग."

सांगता येईना. नोकरीत असताना गोल्फचं मैदान सांभाळायची ड्युटी होती. एका साहेबानं हातात काठी दिली, तिथून ही खोड लागली. पण तेव्हाचा खांदा आता राहिलेला नाही. छावणीच्या मैदानात मध्येच तळं आहे. आपला फटका किती जातो हे ठाऊक नसेल तर चेंडू तळ्यात आणि आपलं हसं.

परमेश्वर म्हणाला, घड्याळ घे. गोल्फचं, जीपीएसवालं. पेन्शनीत बसेल असंही मिळतं म्हणे.

१३ नोव्हेंबर

बायकोला, वच्छलाला सांगितलं. "हातात एक हाय की. त्येला काय धाड भरली?"

१६ नोव्हेंबर

बीडला जाऊन आलो. दुकानदारानं काचेवर घड्याळांची रांग लावली. हे झोप मोजतं, हे छातीचे ठोके, हे फोन उचलतं. मी म्हटलं, गोल्फ? "हाय की, सगळं हाय." खेळांच्या यादीत गोल्फ होतं खरं. दाबून बघितलं. किती वेळ खेळलो आणि किती चरबी जळली ते सांगणार. चेंडू कुठं गेला त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

"मारलेला फटका किती लांब गेला, ते कळतं का?"

"पावलं कळतेत की, काका."

हात जोडले आणि बाहेर आलो. स्टँडसमोर भजी खाल्ली. बसला गर्दी होती.

१८ नोव्हेंबर

रात्री वैष्णवीचा पुण्याहून फोन. पोरीनं माझ्यासाठी बसून सगळं शोधलंय. फोन स्पीकरवर होता, वच्छला भाकरी थापता थापता ऐकत होती.

तर असं आहे. एक भारी घड्याळ – रंगीत काच, बोटानं सरकवायचं, मैदानाचा नकाशा मनगटावर. ते आपल्या ऐपतीबाहेर. दुसरं स्वस्त, साधी काळी-पांढरी काच, जगातली मैदानं आधीच भरलेली. भोक अजून किती लांब आहे तेवढं सांगतं. छावणीचं मैदान त्यात आहे. तिसरं त्याच्यापेक्षा थोडं महाग, दिसायला तसंच, पण त्यात फटका मोजायची सोय आहे. मारला तिथं बटण दाबायचं आणि चेंडूपर्यंत चालत जायचं. तिथं पोचलं की आकडा.

"म्हणजे चालावं लागतं?" मी विचारलं.

"मग काय पप्पा, त्याला चेंडू दिसत नाही. तुम्ही कुठं आहात तेवढंच त्याला कळतं."

वच्छला म्हणाली, चालल्याशिवाय कळत नसेल तर घड्याळ कशाला, दोरी घ्या. हसलो आम्ही तिघंही.

पण मग झोप लागेना. ड्रायव्हरचा चेंडू नेहमी दादाच्या रानात. तिथवर चालणार कसा?

२४ नोव्हेंबर

स्वस्तातलंच घ्यावं. जवळजवळ ठरलं. काचेवर आकडे मोठे आहेत. बटणं आहेत, ते बरं. घामेजलेल्या बोटाला ती गुळगुळीत काच दाद देत नाही, फोनवर रोज बघतो. बॅटरी एका खेळाला पुरून उरते. दर वर्षी पैसे भरायची भानगड नाही.

मोजायची सोय नसली तर नसली. अंदाज आहे की मला.

२९ नोव्हेंबर

हसावं की चिडावं! सकाळी फाट्यावर चहाला गेलो. हॉटेलवाला बजरंग कप पुसत हळूच म्हणतो, "मेजर, एक इचारू का? तुमचे दादा आलते काल." (हवालदार म्हणून निवृत्त झालो तरी गाव मेजरच म्हणतं. सुंदऱ्या म्हणणारा दादा एकटाच.) "म्हनले, सुंदऱ्या मोजायचं घड्याळ आणायलाय. बांध मोजायचा आसल तर सरकारी मोजणी लाव म्हणावं. घड्याळानं कशापायी मोजतोय?"

आता हे त्याला कुणी सांगितलं? विचारायलाच नको. आमची तोंडं बंद झाली, पण बायकांची कधी झालीच नाहीत. वच्छला आणि दादाची बायको दगडावहिनी रोज दुपारी बांधाच्या दोन बाजूंना बसतात. इकडची कढी तिकडे, तिकडची चटणी इकडे. पाय तेवढा ओलांडायचा नाही, वाट्या कितीही ओलांडोत.

घरी येऊन वच्छलाला विचारलं, काय सांगितलंस? "जे हाय ते. तुमी मोजायचं घड्याळ घेनार म्हनून." एवढंच? "दगडाआक्काला काम लागलं, उठल्या. पुढचं सांगायचं ऱ्हायलं." वा.

मी म्हटलं, पुढचंही सांगून टाक, की ते घड्याळ चार-पाच पावलं इकडेतिकडे चुकतं. त्यानं बांध मोजायचा म्हणजे उसाच्या वजनकाट्यावर सोनं तोलायचं.

"तुमीच सांगा की. तोंड हाय न्हवं?"

मी काठ्या पुसायला बसलो.

४ डिसेंबर

दादाच्या हरभऱ्यात काठ्या उभ्या दिसल्या. तुरीच्या काठ्या, वर पांढरी चिंधी. कालपर्यंत नव्हत्या.

मोजणीच्या खुणा रोवतोय तर! मी घड्याळ आणायच्या आधीच. डोकंच फिरलं. त्यात एका ओळीतही नाहीत, एक इथं, एक तिथं, एक पार मध्ये. दादाला सरळ रेघ कधी जमलीच नाही. लहानपणी पेरणीची पाभर धरली की तासं वाकडी जायची आणि वडिलांचा, आबांचा मार मला, कारण बैल मी धरलेले असायचे.

५ डिसेंबर

ठरलं. तिसरं घड्याळ घ्यायचं, मोजायचं. तो खुणा रोवणार आणि मी अंदाज करत बसू? वैष्णवीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, भांडणासाठी घेताय का खेळासाठी?"

खेळासाठी म्हटलं. तळ्यासाठी.

९ डिसेंबर

थंडी आहे. खेळलो नाही. वच्छलाच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं.

१४ डिसेंबर

आलं! हलकं आहे, मनगटावर असल्यासारखं वाटत नाही. वच्छला म्हणाली, एवढ्या पैशात एक गाभण शेळी आली असती आणि तिनं वेळ पण सांगितली असती, ओरडून.

चालू केलं तर आधी यार्डात बोलायला लागलं. वैष्णवीनं फोनवरून मीटरवर आणवलं. मग उपग्रह शोधत बसलं, आणि सापडल्यावर सांगितलं, जवळ एकही मैदान नाही. ते मलाही माहीत होतं.

१५ डिसेंबर

सात नंबरच्या, मधल्या पल्ल्याच्या काठीचा फटका मोजला. मनात होतं त्याच्यापेक्षा बराच कमी. पुन्हा मारला, तेवढाच. परमेश्वरला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "घड्याळ खोटं बोलत न्हाई बे. आपन बोलतो." तोही आता तेवढाच मारतो म्हणे, फक्त सांगत नव्हता. बरं वाटलं.

उद्या ड्रायव्हर.

१६ डिसेंबर

बाभळीखाली बटण दाबलं. मारला. फार दिवसांनी काठीच्या मधोमध बसला, आवाजावरूनच कळलं. निघालो. आकडा वाढत गेला. बांध आला. थांबलो.

घड्याळ काही थांबा म्हणत नाही. मी पाय उचलला की ते पुढं मोजणार. खरं सांगायचं तर पायही उचलला होता. पलीकडे दादा विहिरीच्या कठड्यावर बसलेला, माझ्याकडेच बघत. हाक मारील वाटलं. मीही मारू शकलो असतो. दोघांनीही मारली नाही. मागं फिरलो.

मला दादाची आठवण येते. रोज दिसतो तरी येते. लिहून टाकलं एकदाचं.

१७ डिसेंबर

आज आणखी एक काठी. कालच्या फटक्याच्या दिशेनंच कुठंतरी. रात्रीत वाढणाऱ्या कसल्या ह्या खुणा?

वच्छलाला विचारलं, दादा मोजणी कधी लावतोय. ती माझ्याकडे बघत राहिली. "मोजणी? कसली मोजणी?" मग पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली. हसत होती की काय, कळलं नाही.

१९ डिसेंबर

परमेश्वर विचारत होता, ड्रायव्हरचा आकडा निघाला का. म्हटलं निघेल. त्याला काय सांगू? माझा सगळ्यात लांबचा फटका मोजता येत नाही, कारण तो भावाच्या रानात पडतो.

सामन्यातून नाव काढून घ्यावं असं आज पहिल्यांदा वाटलं. तळ्याची भीती नाही. जो आकडा चार पावलांवर पडलाय तो उचलता येत नाही, ह्याची लाज वाटते.

२१ डिसेंबर

सकाळी मारला, बांधाशी थांबलो. दादा हरभऱ्यात उभा होता, हातात नवी काठी. "सुंदऱ्या, ये की हिकडं. कवर हुबा ऱ्हातो?"

गेलो. त्यानं काठी माझ्या चेंडूशेजारी रोवली. मग एकेक काठी दाखवत हिंडवलं. प्रत्येकीच्या बुडाशी माझा चेंडू, पडला तिथंच. "हात लावला न्हाई. तुझ्या वैनीनं सांगितलं, चेंडूपस्तोर चालल्याबिगर ते घड्याळ बोलत न्हाई म्हनून. उचलला आस्ता तर तू काय मोजला आस्तास?"

बाभळीपासून प्रत्येक काठीपर्यंत मोजलं. दर खेपेला दादा बरोबर चालला, हरभरा तुडवत. बूट हरभऱ्याच्या आंबीनं, त्या आंबट दवानं चिकट झालेत. पुसलेले नाहीत.