डाव्या खांद्यावरचा पांढरा ठिपका

मंगळवार, लातूर. जेवण गेलं नाही.

आज सरांनी रेडिएशनचा प्लॅन बनवायच्या सरावाला एक जुना स्कॅन दिला, पेशंटचं नाव पुसलेला. अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि डाव्या खांद्यावर लख्ख पांढरा ठिपका. सर वैतागले, "धातू दिसतोय. काढून का नाही ठेवला?"

मला ठाऊक होतं का ते. माझ्या वडिलांना, आप्पांना, अहमदपूरहून इथं स्कॅनला मीच आणलं होतं. गळ्यातलं इष्टलिंग काढा म्हटल्यावर ते मशीनवर उठूनच बसले. "जीव गेला तर जाऊ दे, लिंग अंगावेगळं व्हायचं न्हाई." शेवटी लिंगाची चांदीची पेटी मीच खांद्यावर सरकवून चिकटपट्टीनं बसवली.

आप्पाच कशावरून? लिंगायत काय ते एकटेच होते? पण खांद्यावर कोण ठेवतं...

दिवसभर हृदय, फुप्फुसं वाचवत किरणांच्या दिशा लावत बसले. संध्याकाळी सर खूश झाले. "छान. पेशंटला सहज झेपेल हा प्लॅन." मी हो म्हणाले.

आप्पांना समाधी दिली तेव्हा ते लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, मग माती लोटली. पडद्यावर मात्र ते अजून खांद्यावरच होतं, मी बसवलं तिथंच.

फाईल बंद न करताच निघून आले.